पुढं चालतोय, मागं बसतोय

"आत्या, हा पुढं चालतोय, पण मागं पाठवला की बसतोय," ज्योत्स्ना म्हणाली.

मी संघाच्या कचेरीत नुकतीच खुर्चीला टेकले होते आणि पानाला चुना लावत होते. सकाळचे साडेआठ. खिडकीबाहेर मैदानावर संघाच्या वार्षिक प्रदर्शनासाठी फक्कीनं रिंगणं आखून झाली होती, टेम्पोतून जनावरं उतरत होती, आणि एक खोंड उतरल्या उतरल्या कुणाच्या तरी पांढऱ्या विजारीवर हजेरी लावून मोकळा झाला होता.

"कुणाचा खोंड?" मी विचारलं. "खुरात खडा असेल. पाय उचलून बघ."

"खोंड नाही आत्या. सर्व्हर."

आमच्याकडं सून सासूला आत्या म्हणते. बाकी गाव मला आक्का म्हणतं, आणि माझ्या माघारी काय म्हणतं तेही मला ठाऊक आहे. माणगंगा खिलार पैदासकार संघाची मी तेव्हा सतरा वर्षं अध्यक्ष होते. शाळा चौथीपर्यंत, त्यातही तिसरी दोनदा. पण कुठलंही खिलार जनावर समोर आणा, त्याचा बाप कोण, आजा कोण, आजीचं दूध किती, हे मी नुसती पाठ बघून सांगत असे. माणसांचंही सांगता आलं असतं, पण ते कुणी विचारत नसे.

ज्योत्स्ना शेतकी कॉलेजातनं शिकून आलेली. माझा लेक सुभाष सैन्यात, तिकडं आसामात. त्यामुळं घरात आम्ही दोघीच, आणि गोठ्यात अकरा. त्याच्या चार वर्षं आधी तिनं संघाच्या फाटक्या वह्या उतरवून साडेतीन हजार जनावरांची वंशावळ कंप्युटरात घातली होती. तो सर्व्हर म्हणजे काय, असं मी तेव्हा तिला विचारलं होतं. ती म्हणाली होती, "घरातल्या बाईसारखा असतो, आत्या. मागं राहून सगळं सांभाळतो. पाहुण्यापुढं येत नाही, पण ताट बरोबर वाढून येतं." यात टोमणा होता की नव्हता, हे मला आजवर उमगलेलं नाही.

"मेला का तो?" मी पान तोंडात घातलं.

"मेला नाही. मी या काळ्या खिडकीत हाक मारून उठवला की उठतोय. हे बघा." तिनं काहीतरी टाइप केलं. ओळी धावल्या. "उठला. पण ही खिडकी मिटली की तो गेला. रोज कसा, कंप्युटर चालू झाला की मागच्या मागं आपला आपण उठतो, कुणी बघो न बघो. सकाळी सातला लाइट जाऊन आली, तेव्हापासून तसा उठेना. चालू झालं नाही एवढंच म्हणतोय, का ते सांगत नाही."

"मग आजचा दिवस पुढंच चालव. खिडकी उघडी ठेव. आपल्या घरात काय चोर शिरतोय?"

तेवढ्यात चोर शिरला. म्हणजे मधू शेंडगे, संघाचा उपाध्यक्ष. अंगात इस्त्रीचा सदरा, छातीवर बिल्ला, आणि तोंडावर माझ्या तेराव्याचं जेवण जेवून आल्यासारखं समाधान.

"आक्का, परीक्षक निघालेत. अकराला रिंगणात पहिलं जनावर. वंशावळीचा छापील दाखला असल्याशिवाय ते एकाही जनावराला हात लावणार नाहीत. दाखले तयार?"

"होतील."

"मागच्या बैठकीत काय ठरलंय ते ध्यानात आहे ना?"

होतं. त्यानंच ठराव मांडला होता: यंदा दाखले वेळेत निघाले नाहीत तर अध्यक्ष बदलायचा. मी म्हटलं होतं, लिहा. लिहिलं, आणि मी खाली ठसठशीत सही केली. माझी सही मोठी आहे. दोन माणसांची जागा खाते.

मधू कंप्युटरापुढं वाकला. "ही काळी खिडकी कशाला उघडी ठेवलीय? वंगाळ दिसतंय." आणि कुणी काही बोलायच्या आत त्यानं कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली.

ज्योत्स्नानं डोळे मिटले.

"काय झालं?" मधू म्हणाला.

"काही नाही भाऊजी," ती म्हणाली. "तुम्ही आता साडेतीन हजार जनावरं मारलीत."

मधूनं हात पाठीमागं घेतला, जणू त्याला रक्त लागलंय. मग म्हणाला, "नारळ फोडूया का?"

"फोड," मी म्हटलं. "डोकं तुझं वापर."

तो बाहेर गेला. पण त्याच्या टिचकीनं एक गोष्ट मात्र कळली: आजच्या दिवशी पुढं चालवून भागणार नाही. दोन टेबलांवर पोरी बसणार, रिंगणाजवळ तिसरं टेबल, आणि भोंगेवाल्यानं सकाळपासून दोनदा लाइट घालवली होती. लाइट गेली की मागचा आपला आपण उठतो. पुढच्याला दर वेळी माणूस लागतो.

"समीरला फोन लाव," मी म्हटलं. समीर मुलाणी म्हणजे तालुक्याचा कंप्युटरवाला.

"आठ वेळा लावला. संपर्काच्या बाहेर आहे. मावसभावाचं लग्न आहे म्हणत होता."

"त्याला आजच मुहूर्त सापडला?"

"लग्न त्याचं नाही, आत्या."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, मग खिडकीतून बाहेर. चिंचेखाली तिची गुंजा बांधली होती. हे सांगायला हवं. गुंजा म्हणजे ज्योत्स्नाच्या माहेरची कालवड. तिच्या बापानं धाडली तेव्हा एवढीशी होती, टेम्पोत हिच्या मांडीवर बसून आली. आता दोन दाती, म्हणजे अडीच वर्षांची झाली होती. कपाळ असं की हात ठेवावा, शिंगं अशी की नजर काढावी. आज पहिल्यांदा रिंगणात उतरायची होती. ज्योत्स्नानं पहाटे तिला रिठ्यानं धुतलं होतं, खुरांना तेल लावलं होतं. स्वतःच्या केसांना लावायला मात्र तिला वेळ मिळाला नव्हता. दाखला निघाला नाही तर गुंजा चिंचेखालीच राहणार होती.

"ही बघा त्याची वही," ज्योत्स्ना पुन्हा पडद्याकडं वळली. "तो उठला, झोपला, कशाला अडला, सगळं यात लिहितो. लाइट गेली तिथवरचं लिहिलंय. त्यानंतर एक अक्षर नाही. मी सकाळपासून वीस वेळा उठवलाय, वीस वेळा अडलाय, आणि एकदाही का ते लिहिलेलं नाही."

"मुका झाला?"

"किंवा लिहिता येत नाही."

"काल तर येत होतं."

"तेच तर."

साडेनऊ झाले. तिनं कंप्युटर दोनदा बंद करून चालू केला. दर वेळी आत शिरायला माझा पासवर्ड लागायचा. तो मी पदर आड धरून टाइप करत असे, पाच इंग्रजी अक्षरं. मला इंग्रजी येत नाही. पाच खुंट्या कुठं आहेत तेवढं पाठ केलेलं. जागा ओळखीची असली की अंधारातही दावं बांधता येतं. दोन्ही वेळा तोच प्रकार. ज्योत्स्नानं हाक मारली की उठे, मागं सोडला की बसे.

मी बघत बसले. चाळीस वर्षं जनावरं बघितली. बघायची सवय जात नाही.

"ज्योत्स्ना," मी म्हटलं, "एक सांगू? तुझ्या यंत्रातलं मला काही कळत नाही. पण असला बैल मी बघितलाय. एकाच्या हाताला चालतो, दुसऱ्याच्या हाताला बसतो. लोक म्हणतात आजारी आहे, पाय बघा, दात बघा, औषध पाजा. बैलाला काही झालेलं नसतं. बैल तोच, गाडी तीच, रस्ता तोच. मग बदलला कोण?"

"हात," ती म्हणाली.

"हात. पुढं तू हाकतेस ते कुणाच्या नावानं?"

"तुमच्या. तुमच्या नावानं आत शिरून."

"आणि मागं कोण हाकतो?"

"मागं तो स्वतःच्याच नावानं चालतो. त्याचं वेगळं नाव असतं कंप्युटरात. नोंदींचं दप्तर त्याच्या नावावर असतं, म्हणून त्याला..." ती थांबली. खुर्ची पुढं ओढून तिनं एक ओळ टाइप केली. पडद्यावर यादी आली. तिनं यादीवरून बोट खाली नेलं, तसंच परत वर नेलं.

"आत्या, मंगळवारी समीर आला होता, तेव्हा मी कृष्णाप्पाच्या अडलेल्या गाईकडं गेले होते. तुम्ही त्याला काय सांगितलंत?"

पान माझ्या तोंडात तसंच राहिलं.

मंगळवारचं असं झालं होतं. सोमवारी चावडीवर मधू म्हणाला, कंप्युटर सुनेच्या हातात, आक्का आता नावालाच. मला हे तीन जणांनी तीन वेगळ्या मसाल्यात सांगितलं. मंगळवारी समीर पंखा साफ करायला आला. मी त्याला म्हटलं, बाबा, या कंप्युटरात जे काही आहे ते माझ्या नावावर कर. तो म्हणाला, आक्का, तुमचं नाव आहेच की लॉगिनला. मी म्हटलं, तसलं नको. सातबाऱ्यावर असतं तसं. सगळं. तो म्हणाला, सगळं? मी म्हटलं, सगळं. बिचाऱ्यानं केलं. माझ्यापुढं नाही म्हणायची त्याची टाप नव्हती, आणि चहाही झाला होता.

हे मी ज्योत्स्नाला सांगितलं. थोडं कमी करून सांगितलं.

"मग आज सकाळपर्यंत कसा चालला?" मी विचारलं. मला अजून सुटायची आशा होती.

"दप्तर त्याच्या हातात आधीच उघडं होतं. मिटलं नव्हतं तोवर त्याला पत्ताच नव्हता. लाइट गेली, दप्तर मिटलं. परत उघडायला गेला तर ते दुसऱ्याचं. वहीसुद्धा दुसऱ्याची. ज्याला स्वतःच्या वहीत लिहायची परवानगी नाही, तो का अडला ते लिहिणार कुठं?"

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. मी चिडणाऱ्याशी चांगली भांडते. ती नुसतं यंत्राबद्दल बोलत होती, आणि बोलता बोलता तिची नजर चिंचेखाली गेली.

गुंजेच्या कानात बिल्ला मारला त्या दिवशी हीच खुर्ची होती, हेच टेबल. ज्योत्स्ना नोंद भरत होती. मालकाच्या रकान्याशी ती थांबली होती. मी म्हटलं होतं, "थांबलीस का? लिही, अनुसया रामचंद्र गळवे. घराला मालक एकच असतो." तिनं लिहिलं. फक्त त्या संध्याकाळी माझ्या चहात साखर नव्हती.

"दुरुस्त व्हायला किती वेळ?" मी विचारलं.

"एक ओळ. त्याचं त्याला परत करायचं. पण तुमचा पासवर्ड लागेल."

मी खुर्चीत बसले, पदर आड धरला. दारात मधू येऊन उभा राहिला. या वेळी कार्यकारिणीतले दोघं बरोबर होते, साक्षीला.

"सव्वादहा झाले," मधू म्हणाला. "काय बिघडलंय ते तरी कळू दे. सूनबाईंनीच काहीतरी उलटसुलट दाबलं असणार. मी तेव्हाच म्हणत होतो, एवढं दप्तर एका बाईच्या हातात..."

ज्योत्स्नानं मान खाली घातली. ती सांगणार नव्हती. आमच्या घरात सुना सांगत नाहीत. मीही नव्हते सांगत.

"मी बिघडवलं," मी म्हटलं.

"आक्का?"

"मी. सगळं माझ्या नावावर करून घेतलं. कशाचं काही न कळता. ती सकाळपासून निस्तरतेय. लिहून घे तुझ्या ठरावात, आणि सही आत्ताच घेऊन जा. आता दारातून बाजूला हो, उजेड अडतोय."

मी टाइप केलं. चुकलं. परत केलं. परत चुकलं. बोटं खुंट्या विसरली. तिघं बघत होते.

"आत्या, मी टाइप करते," ज्योत्स्ना हळू म्हणाली. "शब्द तेवढा सांगा."

मी तिच्या कानाशी वाकले. "मैना."

तिच्या बोटांनी पाच टिचक्या दिल्या. मग ती एक ओळ. मग तिनं विचारलं, तेही हळूच, "मैना कोण?"

"माझी गाय. आईनं दिलेली. लग्नानंतर वर्षानं मामंजींनी जत्रेत विकली. मी चाऱ्याचा भारा घेऊन घरी आले तर दावं रिकामं. मी विचारलं, माझी गाय का विकली? ते म्हणाले, पावती कुणाच्या नावावर होती, बघ."

ज्योत्स्नानं शेवटची टिचकी मारली. मी पडद्याकडं बघत राहिले. काहीच झालं नाही. ओळी नाहीत, खिडकी नाही.

"उठला नाही?" मी विचारलं.

"उठला," ती म्हणाली. "मागं आहे."

पुढचा अर्धा तास छापयंत्र नुसतं बडबडत होतं. दाखले पोरी पळत नेत होत्या. मधू दाखल्यांवर शिक्के मारत होता. त्यानं आयुष्यात एवढं काम केलेलं मी तेव्हाच बघितलं. मी ज्योत्स्नाला म्हटलं, "तू जा. गुंजेला झूल घाल. इथलं मी बघते."

"तुम्ही?"

"एक बिल्ला नंबर टाकून एक दाखला काढायचा. एवढं मला येतं. चारशे बारा ना?"

ती गेली. मी चारशे बारा टाकला. गुंजेची नोंद आली. बाप सुंदऱ्या, आई चिमणी, सगळं बरोबर. खाली मालक. मी टिचकीनं माझं नाव मागून पुढं खात गेले. मोठं आहे माझं नाव, बराच वेळ लागला. मग कळांवर चिकटवलेली मराठी अक्षरं शोधत बसले. ज. काना-मात्रा. स. न. काना. पाच टिचक्या. पुढं सुभाष, पुढं गळवे. छापलं, घडी न घालता मधूच्या गठ्ठ्यात सरकवलं.

अकराला रिंगण सुरू झालं. माईक मधूकडं. माईक सोडून दुसरं काही त्याच्याकडं कधी नव्हतंच.

"दोन दाती कालवड गट. बिल्ला नंबर चारशे बारा. कालवड गुंजा. बाप सुंदऱ्या, आई चिमणी. मालक..." तो अडला. माईक चालूच होता. "आक्का! मालकाचं नाव चुकलंय."

"काय लिहिलंय?" मी कठड्याशी उभी होते. मला माईक लागत नाही.

"जोसना."

"मग जोसना वाच."

"पण..."

"मधू, लिहिलंय ते वाच. वाचता येतं ना? का तुझीही तिसरी दोनदा झालीय?"

मैदान हसलं. मधूनं वाचलं, "मालक, जोसना सुभाष गळवे."

ज्योत्स्ना कासरा धरून रिंगणाच्या मधोमध थांबली. गुंजा थांबली नाही. कासरा ताणला, आणि माझी सून कालवडीच्या मागं ओढली गेली, परीक्षकांच्या पुढून, डोळे पुसायलासुद्धा हात मोकळा नव्हता.

गुंजेचा नंबर तिसरा आला. पहिल्या दोघी हिच्यापेक्षा सरस होत्या. खोटं कशाला बोलू?

दुपारी ज्योत्स्ना दाखला घेऊन कचेरीत आली. मी पान जुळवत होते.

"आत्या, माझ्या नावात त, स, न सगळे एकमेकांना चिकटून असतात."

"एवढी गर्दी कशाला लागते? दुरुस्त करून घे. आता मालकीण तू."

ती बसली, नोंद उघडली. जरा वेळ त्या रकान्याकडं बघत राहिली. मग मिटली. "राहू दे," म्हणाली.

त्याला बारा वर्षं झाली. ठरावाचं पुढं काही झालं नाही; दाखले वेळेत निघाले होते. नंतर खुर्चीवरून मी आपली आपण उठले आणि ती बसली. मधू अजून उपाध्यक्षच आहे. गुंजेच्या वंशाची चौदा जनावरं नोंदीत आहेत, आणि चौदाही दाखल्यांवर मालक जोसना.

कंप्युटर दोनदा बदलला. नव्याचा पासवर्ड मला माहीत नाही, मी विचारतही नाही. पण परवा कचेरीत बसले होते तेव्हा बघितलं, टाइप करताना ती ओढणी आड धरते. टिचक्या मात्र ऐकू येतात. पाच होत्या. मैनाला पाच लागतात. गुंजालाही पाचच लागतात, एवढं इंग्रजी मी मधल्या काळात शिकून घेतलंय.